डोळ्यांवरचे हात

'फ्रँकेन्स्टाइन' उघडली की पहिला आवाज कानावर येतो तो शास्त्रज्ञाचाही नसतो आणि त्याने घडवलेल्या जीवाचाही. बोलत असतो रॉबर्ट वॉल्टन नावाचा २८ वर्षांचा इंग्रज. सेंट पीटर्सबर्गहून तो इंग्लंडमधल्या आपल्या विवाहित बहिणीला, मार्गारेट सॅव्हिलला, पत्र लिहितो आहे. उत्तर ध्रुवाकडे जायचं त्याच्या डोक्यात आहे. थंडी, जहाज, खलाशांची जमवाजमव हे सगळं त्याच्या पत्रांत येतं आणि त्यांतच एक उणीवही येते. मला मित्र नाही, असं तो बहिणीला कळवतो. मनातलं कागदावर उतरवता येतं, पण कागद उलटून काही म्हणत नाही. या कादंबरीत कुणीतरी काहीतरी मागण्याची ही पहिलीच वेळ, आणि मागणी आहे ऐकणाऱ्या माणसाची.

मग जहाज बर्फात अडकतं. दूरवरून कुत्र्यांच्या घसरगाडीत बसलेला एक अवाढव्य मनुष्याकार जाताना दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या तुटक्या लादीवर वाहत आलेला, मरायला टेकलेला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन सापडतो. त्याच्या गाडीचं एकच कुत्रं जिवंत उरलेलं असतं. तो आपली हकिगत सांगतो आणि वॉल्टन ती रोज रात्री लिहून काढतो. त्या हकिगतीच्या मध्यावर, शामोनीजवळच्या हिमनदीवर, व्हिक्टरने घडवलेला जीव स्वतःची कहाणी सांगू लागतो. त्या कहाणीत डी लेसी नावाच्या विस्थापित फ्रेंच कुटुंबाची कथा आहे. त्या कुटुंबाच्या कथेत सफी नावाच्या तुर्की व्यापाऱ्याच्या मुलीची कथा आहे. आणि सफीच्या कथेत, अगदी तळाशी, तिच्या आईने तिला शिकवलेल्या चार गोष्टी आहेत. आई ख्रिस्ती अरब होती, तुर्कांनी तिला पकडून गुलाम केलं होतं. बाईला बुद्धी असते आणि तिने ती वापरावी, असं ती मुलीच्या मनावर ठसवून मेली. तिचं बोलणं सफीच्या पत्रांतून, त्या जीवाच्या तोंडून, व्हिक्टरच्या आठवणीतून आणि वॉल्टनच्या वहीतून मार्गारेटकडे जातं, आणि तिथून आपल्याकडे येतं.

त्या काळच्या भयकथांना अशा रचनेची सवयच होती. होरेस वॉल्पोलने १७६४ मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' प्रथम छापली तीच मुळी एका जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद म्हणून. चार्ल्स मॅच्युरिनच्या 'मेल्मॉथ द वाँडरर'मध्ये (१८२०) गोष्टीतून गोष्टीत इतकं खोल उतरावं लागतं की वर यायची वाट हरवते. एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स'मध्ये (१८४७) आजारी पडलेल्या भाडेकरूला घर सांभाळणारी नेली डीन सगळं सांगत बसते. याचं कारण विचारलं तर बहुधा दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे अघटित गोष्टीला साक्षीदार लागतो, कुणीतरी शहाणासुरता माणूस मध्ये असला की वाचकाचा विश्वास बसतो. दुसरं म्हणजे भीती थोड्या अंतरावरून सोसवते. दोन्ही उत्तरं खरी असतील. पण 'फ्रँकेन्स्टाइन'ला ती पुरत नाहीत, असं माझं पक्कं मत झालं आहे. या कादंबरीतले पदर आपल्याला दूर ठेवण्यासाठी घातलेले नाहीत. ते आपल्या डोळ्यांवर बांधलेले आहेत.

मेरी शेलीने १८३१ च्या आवृत्तीला जी प्रस्तावना लिहिली तिच्यात या पुस्तकाच्या जन्माची हकिगत आहे. १८१६ चा उन्हाळा, जिनिव्हाचं सरोवर आणि न थांबणारा पाऊस. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीने आकाशात उधळलेल्या राखेमुळे त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. बायरनने सगळ्यांना सुचवलं की प्रत्येकाने भुताची गोष्ट लिहायची. मेरी १८ वर्षांची होती. बरेच दिवस तिला काही सुचलं नाही. मग एका रात्री अर्धवट झोपेत आपल्याच करणीसमोर गुडघे टेकलेला विद्यार्थी तिला दिसला. सकाळी तिने लिहायला घेतलं ते नोव्हेंबरमधल्या त्या उदास रात्रीपासून, म्हणजे तो जीव डोळे उघडतो तिथपासून. तिला छोटी गोष्ट लिहायची होती. ती वाढव, असा आग्रह पर्सी शेलीने धरला.

आज आपल्या हातात असलेल्या पुस्तकात ती नोव्हेंबरची रात्र १८३१ च्या आवृत्तीनुसार पाचव्या प्रकरणात येते. तिच्याआधी वॉल्टनची चार पत्रं आहेत आणि व्हिक्टरच्या बालपणापासूनची चार प्रकरणं. जे आधी लिहिलं ते आत गेलं, आणि त्याच्याभोवती घर उठलं. गोष्ट वाढवताना तिने आणखी प्रेतं, आणखी विजा, आणखी प्रयोगशाळा घातल्या असत्या तर नवल नव्हतं, भयकथेचा गिऱ्हाईक त्यावर खूश झाला असता. तिने घातले ऐकणारे. प्रत्येक बोलणाऱ्यासमोर तिने कुणीतरी बसवलं आणि प्रत्येकाची परीक्षा घेतली.

परीक्षा कसली, हे कळायला कादंबरीतल्या डोळ्यांकडे बघावं लागतं. व्हिक्टर जवळजवळ दोन वर्षं राबून तो देह घडवतो, त्याचे अवयव सुंदर असावेत म्हणून निवडून घेतो, आणि त्याचे पिवळट डोळे उघडताच खोलीतून पळ काढतो. रात्री तो जीव पलंगाचा पडदा सारून त्याच्याकडे बघतो, काहीतरी पुटपुटतो, हात पुढे करतो. तो काही बोलला असेल, पण मी ऐकलं नाही, असं व्हिक्टर स्वतःच सांगतो. हे वाक्य तो सहज बोलून पुढे जातो. सगळ्या अनर्थाचं मूळ मला तिथे दिसतं. तिथून पुढे जो कुणी या जीवाला पाहतो तो ओरडतो, दगड मारतो, बेशुद्ध पडतो. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम, अजाण पोर, त्याला पाहताच स्वतःचे डोळे हातांनी झाकून किंचाळतो. या मुलाच्या मनात अजून तिरस्कार रुजला नसेल, याला वाढवावं, आपला सोबती करावं, अशा आशेने त्या जीवाने त्याला धरलेलं असतं. तोंड बंद करायच्या झटापटीत मूल मरतं.

या सगळ्यांत एकच माणूस वेगळा निघतो, म्हातारा डी लेसी. तो आंधळा आहे. त्याच्या झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात हा जीव कित्येक महिने लपून राहिला आहे. भिंतीच्या फटीतून त्याने त्या कुटुंबाचं बोलणं ऐकलं आहे, सफीला म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स फ्रेंच शिकवत होता तेव्हा तिच्या बरोबरीने स्वतःही ती भाषा शिकला आहे, चोरून ऐकता ऐकता जगाचा इतिहास समजून घेतला आहे. रात्री त्यांच्यासाठी लाकडं तोडून दाराशी ठेवली आहेत. एके दिवशी सगळे फिरायला गेलेले बघून तो म्हाताऱ्यासमोर येऊन बसतो आणि बोलतो. म्हातारा ऐकतो. मला तुझा चेहरा दिसत नाही, पण तुझ्या शब्दांत खरेपणा आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. तेवढ्यात दार उघडतं. अ‍ॅगाथाला, म्हाताऱ्याच्या मुलीला, भोवळ येते, सफी पळून जाते आणि फेलिक्स काठी उचलतो.

आणि मग हिमनदीवरचा तो प्रसंग, ज्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडते. आपला निर्माता समोर उभा आहे आणि म्हणतो आहे, दूर हो, तुझं रूप माझ्या डोळ्यांसमोर नको. तो जीव पुढे होतो आणि आपले दोन्ही हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो. घे, तुला नको ते दृश्य मी काढून घेतलं, ऐकता तर येतं ना? व्हिक्टर ते हात झिडकारतो. पण झोपडीत शेकोटीपाशी बसून ऐकतो. तिथून पुढे सलग सहा प्रकरणं त्या जीवाची आहेत.

ते हात फक्त व्हिक्टरच्या डोळ्यांवर नाहीत. पत्रांचे, वहीचे, आठवणींचे जे पदर मेरी शेलीने रचले, त्यांचं काम हेच. छापील पानावर त्याचा चेहरा नाही, फक्त बोलणं आहे. आणि काय बोलणं! तो मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' वाचून आला आहे, प्लुटार्क वाचून आला आहे, ग्योटेचा 'वेर्थर' वाचून रडला आहे. तो युक्तिवाद करतो, विनवतो, धमकावतो, पुन्हा विनवतो. सहा प्रकरणं वाचक डी लेसीच्या खुर्चीत बसलेला असतो. त्या जीवाला न्याय मिळण्याची शक्यता असलेली ही एकच जागा, आणि लेखिकेने ती आपल्याला दिली.

हे मला नीट उमगलं ते आत्याला ही कादंबरी वाचून दाखवताना. काचबिंदूने तिची नजर गेली होती. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. रेडिओवर तिचं भागत नसे, आणि कुणी गोष्टीचं सार सांगू लागलं तर तिला राग येई. "सार नको, वाच," म्हणायची. मी इंग्रजी पान समोर धरून मराठीत सांगत वाचत असे. पहिल्या काही बैठकी बऱ्या गेल्या. मग ती दर थोड्या वेळाने मला अडवू लागली.

"आता कोण बोलतंय?"

छापलेल्या पानावर हा प्रश्न पडत नाही. प्रकरण बदलतं, अवतरणचिन्हं दिसतात, डोळा आपोआप हिशेब ठेवतो. पण तोंडाने वाचताना वॉल्टन 'मी' म्हणतो, व्हिक्टर 'मी' म्हणतो, तो जीव 'मी' म्हणतो, आणि सगळे 'मी' माझ्याच गळ्यातून निघत होते. मी भावाला गमावलं, असं म्हणणारी मी होते. मी त्याला मारलं, असं म्हणणारीही मीच. आवाज बदलून बघितला, तर ते नाटकी वाटलं आणि आत्यालाही आवडलं नाही. शेवटी तिनेच तोड काढली. बसल्या बसल्या आधी उतरंड सांगायची: वॉल्टन बहिणीला लिहितो की व्हिक्टर म्हणाला की तो म्हणाला. मग पुढे.

"पोथीत हेच असतं गं," ती म्हणाली. "सौती शौनकाला सांगतो की वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलं. कुणी कुणाला सांगितलं ते आधी म्हणायचं, मग गोष्ट."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि आपल्याकडची माणसं या रचनेने बिचकत नाहीत त्याचं कारणही तेच. पण महाभारतातली ती उतरंड कथेला अधिकार देते. ज्याच्याकडून ऐकलं तो मोठा, म्हणून ऐकलेलं खरं. मेरी शेलीच्या उतरंडीत प्रत्येक पायरीवर शंका आहे. आपल्या परंपरेतलं तिच्या जास्त जवळचं काही शोधायचं, तर ते मला 'कथासरित्सागरा'च्या पहिल्या लंबकात सापडतं. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिलेल्या या ग्रंथात कथेचा उगम सांगितला आहे, आणि तो उगम आपल्या पैठणशी, म्हणजे प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाशी, जोडलेला आहे. शंकर पार्वतीला जी कथा एकांतात सांगत होते ती पुष्पदंत नावाच्या गणाने लपून ऐकली आणि त्यापायी शाप ओढवून घेतला. तीच कथा पुढे विंध्याच्या रानात एका पिशाचाच्या तोंडून गुणाढ्याला मिळाली. गुणाढ्याने ती पिशाचांच्या भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली, सात लाख श्लोक, आणि राजाकडे पाठवली. राजाने झिडकारली. भाषा पैशाची, अक्षरं रक्ताची, असलं बाड कोण वाचणार? मग गुणाढ्य अग्निकुंडापाशी बसला, एकेक पान रानातल्या पशूंना वाचून दाखवू लागला आणि जाळू लागला. पशू चरायचं विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. राजाला हे कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोकांची राख झाली होती.

मी ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला पशूंचं कौतुक वाटलं होतं. आता राजाचं वागणं जास्त खुपतं. त्याने कथा ऐकून नाकारली नाही. तिचं रूप बघून नाकारली. लपून ऐकणारा, त्यापायी शापित झालेला, आणि रूपापायी दाराबाहेर काढलेला शब्द. हे सगळं पैठणच्या त्या दंतकथेत आहे. फरक एवढाच की सोमदेवाच्या जगात कथा सांगून टाकली की शाप फिटतो. पुष्पदंत सुटतो, शापाने गुणाढ्य म्हणून जन्मलेला गण माल्यवानही सुटतो. मेरी शेलीच्या जगात सांगून कुणी सुटत नाही. व्हिक्टर सगळं सांगतो आणि सुडाची शपथ तशीच मनात ठेवून मरतो. त्या जीवाने सहा प्रकरणं बोलून जोडीदारीण मागितली, व्हिक्टरने ती घडवायला घेतली आणि अर्ध्यावर स्वतःच्या हाताने फाडून टाकली.

शंकेच्या पायऱ्या म्हटलं ते यासाठी. त्या जीवाचं सगळं बोलणं आपल्यापर्यंत येतं ते त्याच्या सर्वांत मोठ्या शत्रूच्या तोंडून. शिवाय व्हिक्टर वॉल्टनला बजावतोही, तो फार गोड बोलतो, एकदा माझंही मन वळवलं होतं त्याने, तू मात्र भुलू नकोस. अशा माणसाने सांगितलेली शत्रूची बाजू कितपत खरी मानायची? काही समीक्षक इथून पुढे जाऊन म्हणतात की या कादंबरीत कशाचाच भरवसा नाही. मला तसं वाटत नाही, आणि त्याला आधार पुस्तकातच आहे. वॉल्टन नोंदी ठेवतो आहे हे कळल्यावर व्हिक्टर ती वही मागून घेतो आणि स्वतः दुरुस्त्या करतो. त्या दुरुस्त्या कुठे जास्त आहेत? शत्रूशी झालेल्या संभाषणांत. ती जिवंत वाटावीत म्हणून. म्हणजे मरणाच्या दारात बसून हा माणूस त्या जीवाच्या बोलण्यात दुसऱ्यांदा प्राण घालतो आहे, आणि या वेळी काम सोडून पळत नाही. ज्याचा द्वेष करतो त्याचं म्हणणं तो अपुरं राहू देत नाही. व्हिक्टरबद्दल माझ्या मनात जो काही आदर आहे तो या एका कामासाठी. विल्यमच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून घरातल्या जस्टिन या नोकराणीला फाशी होताना तो गप्प राहिला होता. खरा खुनी कोण हे त्याला ठाऊक होतं, पण लोक वेडा म्हणतील म्हणून न्यायालयात त्याने तोंड उघडलं नाही. त्याच माणसाने पुढे ही वही नीट केली.

दुसरा आधार सफीची पत्रं. तिने ती फेलिक्सला लिहिली होती, वडिलांच्या एका म्हाताऱ्या नोकराच्या मदतीने, कारण तिला फ्रेंच येत नव्हतं. खोपट्यात लपलेल्या त्या जीवाने लिहायचं साहित्य मिळवून त्यांच्या नकला करून घेतल्या. का? पुस्तकात तो एवढंच म्हणतो की माझी गोष्ट खरी आहे हे या पत्रांवरून पटेल. माझं तोंड बघून माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला इतकं पक्कं कळलेलं होतं, की पुरावा म्हणून त्याने एका मुलीचे शब्द जपून ठेवले. व्हिक्टरने ती पत्रं पुढे वॉल्टनला दाखवली आणि वॉल्टन कबूल करतो की व्हिक्टरच्या शपथांपेक्षा या पत्रांनी, आणि जहाजावरून दिसलेल्या त्या आकृतीने, आपली खात्री जास्त पटवली.

ही पत्रं आपल्याला वाचायला मिळत नाहीत. तळाशी सफी आहे, तिचे शब्द आपण वाचत नाही. वर मार्गारेट आहे, तिचं एकही उत्तर पुस्तकात नाही. दोघींच्या मधे पुरुष बोलत राहतात, आणि सगळं बोलणं एकीच्या कागदांवर टेकून दुसरीच्या हाती जायला निघालेलं असतं. मार्गारेट वॉल्टन सॅव्हिल या नावाची आद्याक्षरं आणि मेरी वुलस्टनक्राफ्ट शेलीची आद्याक्षरं एकच आहेत हे अभ्यासकांनी कधीचं दाखवून दिलं आहे. मला त्याहून सफीची आई जास्त अस्वस्थ करते. मेरीची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, हिने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवरचं ते गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि १७९७ मध्ये, लेकीला जन्म दिल्यावर अकरा दिवसांत, ती गेली. मुलीला आईचा आवाज ठाऊकच नाही. सेंट पँक्रासच्या दफनभूमीत आईच्या थडग्यापाशी बसून ती पुस्तकं वाचायची, त्यांत आईचीही. मुलीला बुद्धीचा वारसा देऊन मरणारी आई तिने कादंबरीच्या अगदी गाभ्यात ठेवली, चार-दोन वाक्यांत, इतक्या पदरांखाली की घाईच्या वाचकाला दिसणारही नाही.

पदर काढून टाकले की काय होतं तेही आपण बघितलेलं आहे. पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना, ५०० प्रतींत निघालं. पाचच वर्षांनी, १८२३ मध्ये, रिचर्ड ब्रिन्सली पीकने त्याचं नाटक लंडनच्या रंगभूमीवर आणलं. मेरीने ते पाहिलं. टी. पी. कुक या नटाच्या भूमिकेपुढे जाहिरातीत नावाऐवजी नुसती रेघ छापली होती, ते तिला आवडलं. पण त्या नाटकात तो जीव मुका होता. जेम्स व्हेलच्या १९३१ च्या चित्रपटात बोरिस कार्लोफही मुकाच आहे. कार्लोफचं काम थोर आहे, त्या डोळ्यांतलं दुःख विसरता येत नाही. तरीही सगळं उलटं झालं. जहाज गेलं, पत्रं गेली, शेकोटीजवळची ती सहा प्रकरणं गेली, आणि प्रेक्षकाला फक्त बघायला बसवलं. आज जगभर लोकांना ठाऊक आहे तो चेहरा, मानेतल्या खिळ्यांसकट. पुस्तकात त्याने ज्या एका गोष्टीची भीक मागितली होती तीच त्याच्याकडून काढून घेतली गेली.

डी लेसीचं प्रकरण मी आत्याला वाचून दाखवलं तेव्हा तिला भरून येईल असं मला वाटलं होतं. मी माझं मतही सांगितलं, की या पुस्तकात डोळे नसलेला माणूसच तेवढा न्यायाने वागतो. तिने मान हलवली.

"आंधळा म्हणून न्यायी? धृतराष्ट्र काय करत होता मग? त्यानेही सगळं ऐकलंच की. अठरा दिवस संजय सांगत होता." थोडं थांबून म्हणाली, "आणि हा म्हातारा. पोराने काठी उचलली तेव्हा 'थांब' म्हणाला का तो?"

नाही म्हणाला. त्याने घाबरून विचारलं, तू आहेस तरी कोण? आत्याच्या प्रश्नाने माझ्या विचारातली फट उघडी पडली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट पुढचं सगळं मी त्या प्रश्नाच्या उजेडात वाचलं. ऐकणं पुरतं का? डी लेसीने ऐकलं ते ओळख लपवून सांगितलेलं थोडंसं. व्हिक्टरने सगळं ऐकलं, हो म्हटलं आणि मग शब्द मोडला. जिनिव्हातल्या न्यायाधीशाने, व्हिक्टरच्या बायकोच्या, एलिझाबेथच्या, खुनानंतर, व्हिक्टरचं सगळं ऐकून घेतलं आणि सौम्यपणे त्याला भ्रमिष्ट ठरवलं.

राहता राहिला वॉल्टन. शेवटच्या पानांत व्हिक्टरचं प्रेत केबिनमध्ये आहे आणि तो जीव त्यावर ओणवा होऊन रडतो आहे. वॉल्टन आत येतो, तो चेहरा बघतो आणि त्याचे डोळे आपोआप मिटतात. विल्यमने झाकले होते तसेच. चाहूल लागताच तो जीव खिडकीकडे झेपावतो. आणि वॉल्टन, मिटल्या डोळ्यांनी, त्याला थांबायला सांगतो. संपूर्ण कादंबरीत त्याला बघून, धमकी न देता, 'थांब' म्हणणारा हा एकमेव माणूस. तो जीव थबकतो आणि आश्चर्याने त्याच्याकडे बघतो. मेरी शेलीने इथे आश्चर्य लिहिलं आहे, आणि ते किती अचूक आहे! वॉल्टनला हे जमलं याचं कारण मला एकच दिसतं. त्याने ही कहाणी आधी ऐकली आहे, रात्र रात्र जागून स्वतःच्या हाताने लिहिली आहे, सहा प्रकरणं त्या आवाजाबरोबर काढली आहेत. खून किती आणि कुणाचे हेही त्याला ठाऊक आहे. मरणाऱ्या मित्राने त्याला सांगून ठेवलं होतं की तो दिसला तर दया दाखवू नकोस. तरीही तो थांब म्हणतो. मग त्याच्यावर चिडतोही, घर पेटवून देऊन राखेपाशी रडत बसणाऱ्यासारखा ढोंगी तू, असं तोंडावर सुनावतो. तो जीव त्याला उत्तर देतो. व्हिक्टर मधे नाही, वही मधे नाही. दोघं समोरासमोर आहेत.

मी हे आत्याला समजावून सांगितलं. तिला 'थांब'पेक्षा ते सुनावणं जास्त पटलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "मेलेल्या मित्रासमोर त्याच्याशी भांडला तरी. बाकीच्यांनी दगड मारले नुसते."

मग तिने विचारलं, "आणि त्या मुलीची पत्रं कुठे गेली?"

पुस्तकात त्याबद्दल पुढे काही नाही. व्हिक्टरने वॉल्टनला दाखवली होती, व्हिक्टर जहाजावरच मेला, म्हणजे ती वॉल्टनच्या केबिनमध्येच असणार, आणि जहाज इंग्लंडकडे परत वळलेलं आहे. आत्याच्या मते वहीबरोबर तीसुद्धा बहिणीच्या हातात पडली पाहिजेत. वही पुरुषांनी लिहिली आहे, पत्रं तिला स्वतःला वाचता येतील.